चादरीवरचा पट्टा

तुम्ही पट्टा चादरीवरून बांधलात, हे फार बरं केलंत. नवखे लोक आधी पट्टा बांधतात आणि मग वरून चादर ओढून घेतात. विमान हलायला लागलं की सेविका येते. तिला पट्टा दिसत नाही, म्हणून ती खांद्याला हात लावून उठवते. एकदा मोडलेली झोप मग काही परत येत नाही. पट्टा वर ठेवला, कडी समोर दिसली, की कुणी तुम्हाला हात लावत नाही.

मी बोलले तर चालेल ना? डोळ्यांवर काळी झापड आहे तुमच्या, पण कान उघडे आहेत, म्हणून विचारलं. नाही म्हणाला नाहीत, म्हणजे हो असं धरते. माझ्या बडबडीवर माणसं झोपतात, असं माझा भाऊच म्हणायचा.

माझं गाद्यांचं दुकान आहे. गिऱ्हाईक गादीवर आडवं झालं, की त्याच्या पाठीला काय हवंय हे मला त्याच्या बायकोच्या आधी कळतं. दुकान बंद केलं तरी ही खोड काही जात नाही. विमानात कुणाची मान लोंबकळताना दिसली की माझे हात शिवशिवतात. जोडे सैल करा, पाणी घोट घोट प्या, कमरेमागे काहीतरी मऊ ठेवा, अधूनमधून उठून पाय मोकळे करा... हे मी न विचारताही सगळ्यांना सांगते. लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय!

काही वर्षांपूर्वी याच वाटेने निघाले होते, त्या वेळी मात्र मला कुणाशीच बोलायचं नव्हतं. माझा धाकटा भाऊ शाळेत चित्रकला शिकवायचा. फळ्यापाशी उभा असतानाच कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. श्वासाचं यंत्र लावलं होतं आणि डॉक्टरांनी हात टेकले होते. भावजयीचा फोन आला तेव्हा ती रडतही नव्हती, इतकी थकली होती.

"ताई, तुम्ही या," ती म्हणाली. "तुम्ही त्यांना बघितल्याशिवाय यंत्र काढायचं नाही, असं सांगितलंय मी डॉक्टरांना. पण लवकर या हो. फार हाल चाललेत त्यांचे."

म्हणजे बघा कशी गंमत. मी पोचेपर्यंत तो राहणार होता आणि मी पोचले की जाणार होता. विमान लवकर पोचावं असं वाटायचं, आणि लगेच वाटायचं, कधीच उतरू नये. आपला जीव असा दोन्हीकडून ओढला जाताना गादी कितीही मऊ असली तरी काय उपयोग? तरी मी जोडे सैल केले, कमरेमागे स्वेटर ठेवला, चादर घेतली आणि तिच्यावरून पट्टा बांधला. सवय हो, सवय.

जागा हीच. ही शेपटीकडची दोघांची रांग, मी खिडकीशी, आणि तुमची सीट रिकामी होती. जेवणाची ताटं उचलली आणि खिडक्यांच्या झडपा ओढायला सांगितल्या. भर दुपारी रात्र करायची ही विमानवाल्यांची जुनीच रीत. बाहेर लख्ख ऊन होतं आणि आत मिणमिणते दिवे तेवढे उरले होते. मी उठून मागे गेले, पाय झाडले, तोंडावर पाणी मारलं आणि परत आले.

शेजारी कुणीतरी झोपलं होतं.

मला वाटलं, पुढच्या गर्दीतून कुणी मोकळी जागा बघून आलं असेल. चादर गळ्यापर्यंत, डोळ्यांवर झापड, आणि पट्टा चादरीवरून नीट बांधलेला. म्हटलं, चला, कुणीतरी शहाणं भेटलं! त्याला धक्का न लावता मी कशीबशी आत शिरले.

मग वास आला. आधी स्पिरिटचा, आणि त्यामागून रबराचा, गरम झालेल्या रबराचा. त्यानंतर आवाज ऐकू आला. तो माणूस श्वास घेत होता, पण आपण घेतो तसा नाही. आत जायचा... थांबायचा... मग बारीकसा खटका... आणि बाहेर यायचा. पुन्हा आत... थांबला... खटका... बाहेर. एकदाही पुढेमागे नाही. विमानाच्या एवढ्या घरघरीतही तो खटका मला स्वच्छ ऐकू येत होता.

सेविका पाणी घेऊन आली. चांगली पोक्त बाई होती. तिने त्याच्या पट्ट्याकडे बघितलं, मान हलवली आणि हळूच म्हणाली, "असे प्रवासी मिळाले की आमचं काम सोपं होतं." माझ्या हातात पेला दिला आणि पुढे गेली. मग म्हटलं, तिलाही दिसतोय ना, मग आपण कशाला घाबरायचं?

त्याची मान एका बाजूला पडली होती. आता मला राहवेल का? मी माझा स्वेटर गुंडाळला आणि त्याच्या मानेखाली सरकवला. मान इतकी गार होती, की माझा हात आपोआप मागे आला. पाय चादरीतून बाहेर आले होते, उघडे. मी विमानात मिळालेले राखाडी मोजे काढले, वाकले, आणि अंधारातच त्याच्या पायात चढवायला लागले. डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली माझ्या बोटांना लागली.

लहानपणी माझ्या भावाचा पाय दारात सापडला होता. त्याची करंगळी तशीच जुळून आली होती, शेजारच्या बोटावर चढलेली.

मी मोजे पूर्ण चढवले. का, ते विचारू नका. ओरडायला तोंड उघडलं होतं, पण पाय गार होते ना त्याचे. मग वर बसले आणि माझे हात मांडीखाली दाबून धरले.

तुम्हाला एक सांगायचं राहिलं. आमचा छोट्या, म्हणजे हाच भाऊ, लहानपणी झोपेत चालायचा. एका रात्री आम्हाला तो गच्चीच्या कठड्यापाशी सापडला, एक पाय पलीकडे टाकलेला. तेव्हापासून मी त्याला माझ्या शेजारी झोपवायचे आणि माझ्या गाऊनची नाडी त्याच्या कमरेला बांधून दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधायचे. तो झोपेतच उठायचा, नाडी ताणायचा आणि म्हणायचा, "ताई, सोड ना." मी कधी सोडली नाही. सकाळी त्याला काही आठवायचं नाही, पण कमरेवर वळ असायचा.

शेजारी खटका झाला. श्वास बाहेर आला आणि त्याबरोबर शब्द आले.

"ताई... सोड ना."

मी खिडकीला चिकटले. "छोट्या?"

"कडी... उचल."

"कुठे जायचंय तुला?"

आत... थांबला... खटका. "खाली... झालं आता, ताई."

मला सगळं कळलं. इतकं कळलं, की भीतीसुद्धा वाटेनाशी झाली. कडी उचलली की हा जाणार. तिकडे त्या खोलीत, माझ्याशिवाय. आणि मी विमानतळावर उतरणार, टॅक्सीत बसणार, आणि पांढऱ्या चादरीने झाकलेलं तोंड बघणार.

"थोडं थांब रे," मी म्हणाले. "एकदा मला तुझं तोंड बघू दे. मी येतेय ना... मग तू म्हणशील तसं."

"ताई... दुखतंय गं..."

तेवढ्यात विमानाने गचका खाल्ला. पट्ट्याचे दिवे लागले. पुढे कुठेतरी पेले खाली पडले, एक बाळ रडायला लागलं. पुन्हा गचका बसला आणि त्या चादरीखालचं अंग हलकं होऊन वर उचललं गेलं... कठड्यावर पाय टाकावा तसं. मी झडप घातली. पट्ट्याचं मोकळं टोक धरलं आणि अंगात होतं नव्हतं तेवढं बळ लावून ओढलं. पुन्हा ओढलं. पट्टा चादरीत रुतला, आणखी आत रुतला, आणि तो पुन्हा एकदाही बोलला नाही.

विमान उतरलं, झडपा उघडल्या, ऊन आत आलं. शेजारच्या सीटवर चादर होती. सपाट. आणि तिच्यावरून पट्टा सीटच्या पाठीला टेकेल इतका आवळून बांधलेला. माझे मोजे कुठेच नव्हते.

"इथला माणूस कुठे गेला?" मी त्या पोक्त सेविकेला विचारलं.

"इथे कुणी नव्हतं हो." ती जरा गोंधळली. "चादरीवरून पट्टा दिसला की आम्ही पुन्हा वाकून बघत नाही." तिने कडी उचलून बघितली. कडी हलली नाही. लोक बाहेर पडायची घाई करत होते, मागून ढकलाढकली चालली होती. मी तो पट्टा तसाच बांधलेला ठेवून पळाले.

भाऊ होता. मी त्याचं तोंड बघितलं, कपाळावरून हात फिरवला. अंगावरची चादर सरकवली, तर पायात राखाडी मोजे होते.

"हे कुणी घातले?" मी विचारलं.

"नर्सने घातले असतील, ताई," भावजय म्हणाली. "काही तासांपूर्वी पाय एकदम गरम झाले त्यांचे. मला उगीचच आशा वाटली." मग तिने हळूच त्याचा शर्ट वर केला. पोटावर आडवा, रुंद, लालभडक वळ होता, आणि मधोमध चौकोनी ठसा. "आणि हे बघा. हे कशाने झालं ते डॉक्टरांनाही सांगता येईना."

मी शर्ट खाली ओढला. यंत्र काढलं. आम्ही दोघी दोन बाजूंना हात धरून बसलो. आत... थांबला... खटका... बाहेर. यंत्र भिंतीपाशी बंद पडलेलं होतं, त्याची नळी गुंडाळून ठेवलेली होती, तरी खटका होतच राहिला.

अजून होतोय. इतकी वर्षं झाली. माणसाचं नुसतं चिपाड राहिलंय. डोळे उघडत नाहीत, घास जात नाही, पाठीला जखमा झाल्यात. मी माझ्या हाताने बनवलेली गादी पाठवली, दुकानातली सगळ्यात मऊ. तिच्यावरही जखमा झाल्या. वळ मात्र कालचा वाटावा इतका ताजा आहे. भावजयीचे केस पांढरे झाले. पहिल्यांदा ती म्हणाली होती, "तुम्ही आलात आणि हे थांबले, देवासारख्या आलात, ताई." आता ती माझा फोन उचलत नाही. शेवटचं बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "ह्यांना कुणीतरी धरून ठेवलंय असं वाटतं हो. कोण इतकं निर्दयी असेल?"

तिला मी काय सांगणार? प्रेम केलं म्हणून सांगणार?

म्हणून मी या फेऱ्या मारते. हीच वाट, हीच रांग, खिडकीची जागा. शेजारची सीटही मीच घेते आणि रिकामी ठेवते. तो पट्टा पुढे कुणीतरी सोडला असेलच, नाहीतर कापला असेल. पण मी नाही सोडला ना! प्रत्येक वेळी झडपा ओढल्या की मी उठून मागे जाते, तोंडावर पाणी मारते, परत येते. सीट रिकामीच असते. लोकांना वाटतं, बाई खुळी आहे. आहेच.

मघाशी मी मागे गेले, तेव्हा तुम्ही इथे नव्हता.

मी आले, तुम्हाला बघितलं, आणि धीर होईना म्हणून ही सगळी बडबड केली. स्पिरिटचा वास मला केव्हाच आलाय. तुमचे पायसुद्धा मी बघितले. राखाडी मोजे आहेत, टाचेशी विरलेले.

छोट्या, ताईला माफ कर, असं मी म्हणणार नाही. ते मागायला तोंड नाही मला. फक्त जरा स्थिर राहा. ही कडी. गार आहे किती. थांब... उचलली बघ... हो. सुटली. सुटली रे, राजा. जा आता. गच्चीवर जा, कुठेही जा. ताई धरणार नाही.

चादर खाली बसली. सपाट झाली. वासही गेला.

आता उतरलं की फोन लावते. भावजय उचलेल का? आज तरी उचलेल...

पण हे काय?

मी माझा पट्टा चादरीखालून बांधला होता. त्या दिवसापासून मी खालूनच बांधते, कुणीतरी येऊन मला उठवावं म्हणून. आता तो वर आहे. कडी समोर आहे. आणि आवळलाय, फार आवळलाय... पोटात रुततोय.

सेविका आली. तिने पट्ट्याकडे बघितलं, मान हलवली आणि पुढे गेली.

अहो... कुणी आहे का शेजारी? जरा कडी उचला ना.

सोडा ना.