टायरची कळ

"मिहीर, उजवा मागचा अजून गारच आहे रे," थालीपीठ मोडता मोडता शर्वरी म्हणाली. ती इकडे जेवणाच्या टेबलाशी, गाडी तिकडे शेडमध्ये. मिहीरने जाऊन टायरला हात लावला. खरंच गार होता. त्याने तापवायची पट्टी पुन्हा गुंडाळली.

जतच्या माळावरच्या त्या चाचणी-रस्त्यावर आता याचं कुणाला नवल वाटत नसे. मिहीरने टायरच्या रबरात केसाहून बारीक तंतू विणले होते. ताण, उष्णता, थरथर ते टिपायचे आणि शर्वरीच्या जाकिटातून तिच्या पाठीवर पोचवायचे. चार टायर, पाठीवर चार जागा. कागदोपत्री ते 'संवेदी टायर'. गाडी बायको चालवणार म्हणून हा सगळा खटाटोप केला, हे मात्र पठ्ठ्या कबूल करत नसे.

लोकांना वाटतं, सुपरकारचं सगळं इंजिनात असतं. अहो, इंजिन हवं तेवढं दांडगं करता येतं! मरण असतं ते टायरचं. ताशी पाचशे किलोमीटरला चाक सेकंदाला साठाहून जास्त गिरक्या घेतं. दर गिरकीला रबर दबतं, सुटतं, तापतं. त्यात त्यांची 'भिरभिरी' ही नंबरप्लेट लावून बाजारात जाऊ शकणारी गाडी. तिला टायरही रस्त्यावरचेच हवेत. या वेगाला ते काही मिनिटंच टिकतात, आणि फुटले तर आतला माणूस वाचणं कठीण.

वेगाच्या विक्रमासाठी तासाभरात दोन्ही दिशांनी धावायचं होतं, म्हणजे वाऱ्याचा फायदा एकाच बाजूने मिळत नाही. सरासरी पाचशे हवी होती. शर्वरीने त्यासाठी तीन वर्षं घाम गाळला होता.

निघायच्या वेळी मिहीरची आई, कुमुदताई, चार लिंबं घेऊन हजर! चाकाखाली ठेवायला.

"आई, अगं बी अडकली खाचेत तर? त्या वेगात एवढीशी बी अर्ध्या किलोच्या जोराने ओढते. चाक थरथरेल."

"अर्धा किलो? अगंबाई!" कुमुदताईंनी सुरी मागवली. खुर्चीवर बसून एकेक बी टोकरून काढली आणि मग लिंबं चाकाखाली ठेवली. "आता तरी चालेल ना? माझी सून आहे आत." लिंबं चिरडून गाडी पुढे सरकली, तशी मिहीरने टायर पुसून घेतले.

पहिली धाव पाचशे तीनची. सगळे नाचले. पण शर्वरी उतरली ती वाकूनच.

"पाठ भाजून निघाली रे. असं असलं तर परतीला पाय आपोआप उचलला जाईल. हे दुखणं अर्धं कर."

"आणि टायर बिघडला तर कळणार कसं?"

"उरलेलं अर्धं तू घे की! नवरा कशाला केलाय?"

मिहीरने दुसरं जाकीट चढवलं. ठरलं असं, की तो रेडिओवरून 'सोड' म्हणाला की तिने वेग सोडायचा, का म्हणून विचारायचं नाही.

परतीला भिरभिरी सुटली. चारशे चाळीस. चारशे सत्तर. शेडमध्ये पडद्यासमोर बसलेल्या मिहीरची पाठ तापत गेली. पडद्यावरचे आकडे सगळे ठीक होते. चारशे सत्त्याण्णवला काम झालं असतं. चारशे नव्वदच्या आसपास त्याच्या डाव्या खांद्याखाली, पुढच्या डाव्या टायरच्या जागी, एकदम सणकन कळ आली.

"सोड! शर्वरी, सोड!"

तिने सोडलं. विक्रम हुकला.

दुपारी टायर उभा चिरला. आत एक थरसुद्धा सुटलेला नव्हता. संगणकातली नोंद पाहिली, तर त्या क्षणी त्या टायरकडून वेगळं काही आलंच नव्हतं. शर्वरीने चिरलेल्या रबरावरून बोट फिरवलं. राग तिला आला होता, नाही असं नाही. डोळेही भरले होते. पण मिहीरचा पांढराफटक चेहरा पाहून तिने त्याचा हात धरला.

"माझ्या वाटणीत काहीच नव्हतं रे. मग दुखलं कुणाला?"

"मला काय ठाऊक! कळ खरी होती. देवाशपथ खरी होती."

"असेल. मानलं मी." तिने चिरलेला टायर पायाने बाजूला सारला. "उद्या नवे टायर चढवून पुन्हा जाऊ. जाकीट तूच घालायचंस, दुसऱ्या कुणाला देणार नाही मी. पण मिहीर, उद्याही माझ्या पाठीवर काही आलं नाही आणि तुलाच दुखलं, तर मी सोडू की नको?"