डाएटबाईंची पपई

लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तेव्हा तिला खरं तर आनंदच झाला. पर्समधले वेफर्स खायला हॉस्पिटलच्या डाएटिशियनला याहून निवांत जागा कुठली? ती चक्क फतकल मारून बसली. तोंडात बकाणा भरला... आणि दार सरकलं.

फटीतून डोकावला लिफ्टचा मेकॅनिक. तिचाच पेशंट!

“काय खाताय, मॅडम?”

“स... सॅलड.”

“बरंच कुरकुरीत दिसतंय,” तो गालात हसला आणि तिला वर घ्यायला हात पुढे केला.

तिचा हात तेलकट होता. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं तिला झालं. वाढलेल्या कोलेस्टेरॉलवरून याच माणसाला तिने किती झापलं होतं! “जेवणाआधी वाटीभर कच्च्या पपईचा कीस. वर लिंबू, मिरची, चमचाभर दाण्याचं कूट. फायबर भरपूर, सी व्हिटॅमिन आहे, कॅलरी अगदी नावाला!” लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

सोमवारी तो आला, तो डबा घेऊनच.

“जमलंय का बघा. तुमच्या हातासारखं नसेल म्हणा...”

तिने चमचाभर तोंडात घातलं. मिरची झणकन लागली. डोळ्यांत पाणी आलं, पण ते काही नुसतं मिरचीचं नव्हतं.

“मी... मी हे आज पहिल्यांदा खातेय,” ती खाली मान घालून म्हणाली. “त्या दिवशी लिफ्टमध्येही खोटं बोलले. लाज वाटतेय हो मला. आता तुम्ही कशाला याल माझ्याकडे?”

त्याने खिशातून घडी घातलेला रिपोर्ट काढला — कान लालबुंद झाले होते त्याचे.

“कोलेस्टेरॉल मागच्याच महिन्यात नॉर्मल आलंय. मी दाखवलंच नाही.”

“का?”

“दाखवलं असतं, तर पुढच्या सोमवारी बोलावलं असतंत?”

तिने रिपोर्ट वाचला. पुन्हा वाचला. आकडे काही डोळ्यांत शिरेनात.

“पपई आवडते तुम्हाला?” तिने हळूच विचारलं.

“छे! नाक दाबून खातो. तुम्ही सांगितलं म्हणून.”

आता मात्र तिला हसू आवरेना. तिने डबा टेबलाच्या मध्यावर सरकवला, कपाटातून दुसरा चमचा काढला.

“सोमवारी या. पेशंट म्हणून नको...” ती लाजून म्हणाली. “मला एकटीला हे संपायचं नाही.”