शेवटचा एक टक्का

काम तसं साधं होतं. सासूबाईंना त्यांच्या घरून उचलायचं आणि दिवस मावळायच्या आत आपल्या घरी आणायचं. ‘उचलायचं’ हा शब्द डॉक्टर मनातल्या मनातच वापरत होते. सासूबाईंच्या समोर वापरायची त्यांची प्राज्ञा नव्हती.

हे डॉक्टर दातांचे. त्यांनी नुकतीच विजेवरची गाडी घेतली होती, आणि गाडी दारात आल्यापासून माणूस बदलला होता. पूर्वी ते जेवताना लोकांच्या दाढांबद्दल बोलत, आता बॅटरीबद्दल बोलत. दोन्ही विषय पानावर नकोत असं त्यांच्या बायकोचं म्हणणं होतं. दवाखान्यात मात्र त्यांना चांगला श्रोता मिळे. पेशंट खुर्चीत तोंड वासून पडला की ते त्याला गाडीचे फायदे सांगायला लागत, कारण त्या अवस्थेत माणसाला वाद घालता येत नाही.

सासूबाई निवृत्त मेट्रन. मोठ्या इस्पितळात त्यांची हयात गेली होती. त्या वॉर्डात शिरल्या की शिकाऊ डॉक्टर भिंतीला चिकटत आणि तळमळणारे पेशंट आपोआप सरळ झोपत. अशा या बाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या, कंबर दुखावली, हातात काठी आली. आता एकटं राहायचं नाही, असं लेकीने बजावलं. सासूबाई तयार झाल्या, म्हणजे ‘नाही’ म्हणायच्या थांबल्या.

डॉक्टर आदल्या संध्याकाळी पोचले होते. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून त्यांनी गाडी रात्रभरासाठी चार्जिंगला लावली आणि निर्धास्त झोपले. सकाळी पाहतात तर बॅटरी जिथल्या तिथे, अर्ध्याच्याही खाली.

“आई, खिडकीतली वायर कोणी काढली?”

“मी. झोपताना सगळी बटणं बंद करायची माझी सवय आहे. नीट गुंडाळून ठेवलीये बघा.”

वायर खरोखरच फार सुरेख गुंडाळली होती. डॉक्टरांनी आवंढा गिळला. जावयाने गिळायच्या गोष्टींची त्यांना आता सवय झाली होती.

वायर पुन्हा लावली तर नेमकी वीज गेलेली, आणि निघता निघता दुपार टळली. सासूबाई कुलूप लावून गाडीपर्यंत आल्या आणि परत आत गेल्या, नळ बघायला. मग गॅस बघायला. तिसऱ्यांदा गेल्या तेव्हा काय बघायला गेल्या ते त्यांनी सांगितलं नाही. डॉक्टरांनी दारातून डोकावलं तर त्या रिकाम्या खोलीच्या मधोमध नुसत्या उभ्या होत्या. ते गुपचूप मागे फिरले आणि गाडीची काच पुसत बसले.

गाडी रस्त्याला लागली. मग सासूबाई म्हणाल्या, “ही आवाज का करत नाही?”

“तीच तर गंमत आहे, आई.”

“वॉर्डात जो पेशंट आवाज करत नसे, त्याला मी आधी बघायची.”

टेकड्या सुरू झाल्या तसं धुकं खाली उतरायला लागलं. बाहेरची थंडी काचेतून आत आली. डॉक्टरांनी हीटर बंद केला.

“हे काय?”

“हीटर लावला की बॅटरीचे टक्के जातात, आई.”

“आणि बंद ठेवला की माझे गुडघे जातात. बघा, तुम्हाला काय परवडतं ते.”

त्यांनी शाल कानांवरून घट्ट ओढून घेतली आणि समोर बघत राहिल्या. चढावर बॅटरीचा आकडा भराभर खाली येत होता. डॉक्टर श्वाससुद्धा बेताने घेऊ लागले, जणू त्यालाही वीज लागते. अखेर पडद्यावरचा आकडा लाल झाला. त्यांनी गाडी कडेला घेतली आणि फोनवर चार्जर शोधला. आसपास एकच दिसत होता, एका बंद पडलेल्या विश्रामगृहाच्या मागे. खाली कुणीतरी शेरा लिहिला होता, ‘वेग उत्तम. शेजारच्या गृहस्थांना किती वेळ झाला ते विचारू नये.’

सभ्य माणसं येत असावीत, असं डॉक्टरांना वाटलं.

विश्रामगृहाच्या खिडक्यांना फळ्या मारल्या होत्या. मागच्या बाजूला गवत माजलेलं आवार होतं, आणि त्यात शेजारी शेजारी दोन चार्जर. धुक्यातून त्यांची घुंऽऽ अशी बारीक घरघर येत होती. हवेला ओल्या पाल्याचा वास होता, आणि त्याच्याखाली आणखी एक, वर्षानुवर्षं न उघडलेल्या कपाटासारखा. दुसऱ्या चार्जरपाशी एक राखाडी गाडी उभी होती. डॉक्टरांना बाजारातली झाडून सगळी मॉडेलं तोंडपाठ होती. हे त्यातलं नव्हतं.

त्यांनी आपली वायर लावली. दिवा हिरवा झाला, आणि त्यांच्या जिवात जीव आला. जीव आल्यावर साहजिकच बोलावंसं वाटलं. राखाडी गाडीत चालकाच्या जागी एक गृहस्थ बसले होते. गळ्याला मफलर, दोन्ही हात स्टिअरिंगच्या चाकावर. काच बोटभर खाली होती.

“नमस्कार. किती झाली?” डॉक्टरांनी विचारलं. विजेच्या गाडीवाले एकमेकांना असंच भेटतात.

“नव्व्याण्णव,” गृहस्थ म्हणाले.

“वा. म्हणजे झालीच की.”

“हो. शेवटचा एक टक्का जरा वेळ घेतो…”

“घेणारच. मी तर सगळ्यांना सांगतो, ऐंशीला निघावं. पुढचं भरत बसण्यात अर्थ नसतो.”

“घरून सांगितलंय, पूर्ण भरूनच निघा. रस्ता लांब आहे. मध्येच कुठे बंद पडायला नको…”

गृहस्थ किंचित हसले. डॉक्टरांची नजर सवयीने दातांवर गेली. एकसारखे, पांढरेशुभ्र, कुठे कीड नाही, झीज नाही. इतके निर्दोष दात त्यांनी आयुष्यात पाहिले नव्हते. निदान जिवंत माणसाच्या तोंडात नव्हते पाहिले.

हा विचार कुठून आला ते त्यांना कळेना. मग कळलं. बोलताना त्यांच्या स्वतःच्या तोंडातून वाफेचे लोट निघत होते. त्या गृहस्थांच्या तोंडातून काहीच निघत नव्हतं.

“बरं… येतो,” असं म्हणून ते आपल्या गाडीत येऊन बसले. दार लावून घेतलं.

“कोण आहेत?” सासूबाईंनी विचारलं.

“आहेत एक. चार्जिंग चाललंय त्यांचं.”

“तुमचा रंग का उडाला?”

डॉक्टर पुढे झुकले. ते पडद्याकडे बघत होते. आले तेव्हा बॅटरी सहा टक्के होती. आता पाच दिसत होती. बघता बघता चार झाली. बाहेर चार्जर घुंऽऽ करतच होता, दिवा हिरवाच होता, आणि त्यांची गाडी भरायच्या ऐवजी रिकामी होत होती.

ते धावत बाहेर गेले आणि वायर ओढली. सुटली नाही. किल्लीचं बटण दाबलं, दार उघडून परत लावलं, वायर पुन्हा ओढली. हलेना. अडकलेली अक्कलदाढ काढताना ते गुडघा खुर्चीला टेकवून जोर लावत, तसा त्यांनी बंपरला टेकवून लावला. बंपर कुरकुरला, वायर जागची हलली नाही.

“राहू दे हो…” शेजारच्या काचेतून आवाज आला. अगदी मायेचा आवाज. “कशाला घाई… बसा. तेवढीच सोबत होते.”

डॉक्टरांनी वळून पाहिलं. धुकं आता इतकं जवळ आलं होतं की आवाराचं फाटक दिसेना. पडद्यावर तीन. दोन. गाडी बंद पडली तर दारंही उघडणार नाहीत, आणि आत सासूबाई. बायकोला काय तोंड दाखवू, हा विचार त्यांच्या मनात आला, आणि त्या सगळ्या भीतीत तीच भीती त्यांना ओळखीची वाटली.

तेवढ्यात दार उघडलं. आधी काठी बाहेर आली, मग सासूबाई.

“आई, आत बसा. हे… हे गृहस्थ…”

“दिसतंय मला. गुंड्या लावा कोटाच्या.”

त्या टकटक करत राखाडी गाडीपाशी गेल्या आणि काठीच्या मुठीने काच ठोकली. काच खाली आली.

“हात द्या,” त्या म्हणाल्या.

गृहस्थांनी निमूटपणे हात बाहेर दिला. सासूबाईंनी मनगटावर तीन बोटं ठेवली, दुसऱ्या हातातलं घड्याळ डोळ्यांजवळ नेलं आणि नाडी बघितली. खूप वेळ बघितली. डॉक्टरांच्या दातांवर दात वाजत होते, चार्जरची घरघर सोडली तर तेवढाच काय तो आवाज. मग सासूबाईंनी तो हात अलगद चाकावर परत ठेवला.

“घरी कोण आहे?”

“बायको.”

“तिला कळवलंत का?”

“पूर्ण झालं की कळवतो… एकच टक्का राहिलाय.”

सासूबाई काठीवर रेलून उभ्या राहिल्या. बोलल्या तेव्हा त्यांचा आवाज डॉक्टरांनी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता. रात्रपाळीला शेवटच्या खाटेपाशी काढत असतील तसा.

“माझ्या वॉर्डात तुमच्यासारखे पुष्कळ असायचे. जखम भरलेली, टाके निघालेले, तरी उठायचे नाहीत. म्हणायचे, सिस्टर, सगळं ठणठणीत होऊ दे, मग निघतो. मी त्यांना एकच सांगायची. इथून कोणीही शंभर टक्के होऊन जात नाही. जरा दुखत असतानाच निघायचं असतं. आता मलाच बघा. मोडकी कंबर घेऊन निघालेय. घर सोडवत नव्हतं. आत जाऊन उभी राहिले, वाटलं, इथेच बसून राहावं, कोण काय करणार आहे. राहिलेही असते. पण हे बाहेर ताटकळत होते बिचारे, काच पुसत. स्वच्छ काच.”

डॉक्टरांनी मान खाली घातली.

“तुम्हाला चार्ज नकोय,” सासूबाई गृहस्थांना म्हणाल्या. “तुम्हाला डिस्चार्ज हवाय. तो मी दिला. डॉक्टर, यांची वायर काढा.”

मेट्रनने सांगितलं की करायचं असतं. डॉक्टरांनी राखाडी गाडीची वायर धरली. ती लोण्यातून सुरी निघावी तशी निघाली. ते ती गुंडाळत चार्जरकडे जायला लागले, आणि दोन पावलांत वायर संपली. दुसरं टोक गवतात पडलं होतं, कधीच्या काळी कापलेलं, तांबं हिरवं पडलेलं. वायर कशालाच जोडलेली नव्हती.

घुंऽऽ थांबलं. त्या शांततेत त्यांच्या स्वतःच्या वायरचा खटका सुटल्याचा आवाज केवढा तरी मोठा वाटला.

वळून बघितलं तर राखाडी गाडीत कोणी नव्हतं. टायर बसलेले, काचा धुळीने आंधळ्या झालेल्या, चाकांच्या आऱ्यांतून गवत वर आलेलं.

“चला,” सासूबाई म्हणाल्या. “लेक वाट बघत असेल.”

पडद्यावर आता घरी पोचण्यापुरता आकडा होता, वर थोडा शिल्लक. डॉक्टरांनी कारण विचारलं नाही. फाटकाबाहेर पडल्या पडल्या त्यांनी न सांगता हीटर लावला, तोही पूर्ण. बरंच अंतर गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “आई… नाडी होती का?”

“डॉक्टर तुम्ही आहात.”

“मी दातांचा.”

“मग दातांचं बघा.” जरा थांबून त्या म्हणाल्या, “हात मात्र फार गार होता हो. माणसाने इतका वेळ बाहेर बसू नये.”

मग त्यांनी शाल सैल केली आणि डोळे मिटले. थोड्या वेळाने त्या घोरू लागल्या. बिनआवाजाच्या गाडीत डॉक्टरांना त्या आवाजाचा केवढा आधार वाटला.

घरी हे कोणालाच सांगितलं नाही. सासूबाई हळूहळू रमल्या. एकदा दवाखाना बघायला म्हणून आल्या आणि मग रोजच येऊन बसू लागल्या. त्या बाहेरच्या खोलीत असल्या की पेशंट वेळेवर येत आणि आत ओरडत नसत. जेवताना आता बॅटरीचा विषय निघत नसे. जावई-सासूचं इतकं कसं जमायला लागलं, याचा डॉक्टरांच्या बायकोला अचंबा वाटे, आणि थोडा संशयही.

मग एका सकाळी, लख्ख उन्हात, डॉक्टर एकटेच दवाखान्यात निघाले होते. रस्त्यावर शाळेची मुलं, दूधवाले, नेहमीची गर्दी. सिग्नलपाशी गाडी जरा हळू झाली, आणि टिंग, टिंग, टिंग असं सुरू झालं. पडद्यावर लाल खूण आली. मागच्या सीटवर बसलेल्याने पट्टा लावलेला नाही.

मागे पिशवीसुद्धा नव्हती, नुसता न उघडलेल्या कपाटाचा तो वास होता. डॉक्टरांनी आरशात बघायचं कटाक्षाने टाळलं. टिंगटिंग चालूच राहिलं. शेजारचा स्कूटरवाला बघायला लागला. शेवटी डॉक्टरांनी घसा खाकरला, सासूबाईंचा आवाज जेवढा जमेल तेवढा काढला आणि समोर बघतच म्हणाले, “पट्टा लावून घ्या हो.”

क्षणभर काही नाही. मग मागे खट्ट असा आवाज झाला आणि टिंगटिंग थांबलं.

डॉक्टरांनी रोखलेला श्वास सोडला. सिग्नल सुटला. आणि गाडी हलते न हलते तोच शेजारच्या सीटची टिंगटिंग सुरू झाली.