पत्रा क्रमांक बावीस

ही गोष्ट शंभर टक्के खरी आहे. माझ्या घरातलं कुणी असली भुताखेतांची पानं वाचत नाही, म्हणूनच इथे लिहायचं धाडस करतोय.

भुतं रात्री येतात, असं सगळे म्हणतात. माझ्या बाबतीत जे घडलं ते सकाळी घडलं. लख्ख उजेडात. सव्वासातच्या सुमाराला. तेही एका उघड्या माळावर, जिथे लपायला धड झाडसुद्धा नव्हतं.

त्या माळावरून मोठा रस्ता जाणार होता. त्याआधी तिथे कुठले साप राहतात, याची नोंद करायचं काम माझ्या भावजींना मिळालं होतं. भावजी म्हणजे माझ्या ताईचे मिस्टर. सापांच्या बाबतीत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. मी बेकार बसलो होतो, म्हणून ताईच्या शब्दाखातर त्यांनी मला मदतीला घेतलं.

काम साधं होतं. दाराच्या फळीएवढे चाळीस लोखंडी पत्रे माळावर टाकून ठेवले होते. खाली ऊब मिळते म्हणून साप येऊन बसतात. रोज सकाळी एकेक पत्रा उचलायचा. साप बिनविषारी असेल तर हातात घेऊन मोजायचा. विषारी असेल तर लांबूनच लिहून घ्यायचं आणि पत्रा खाली ठेवायचा.

भावजींचा एक नियम होता. पत्रा उचलणारा एका बाजूला, दुसरा माणूस समोरच्या बाजूला. उचलणारा विचारणार, "बघितलंस?" समोरचा नीट बघून सापाचं नाव मोठ्याने सांगणार. त्यानंतरच हात घालायचा.

"शालकमहाराज," ते मला चिडवायचे, "तुझ्या तोंडावर विश्वास ठेवून मी हात घालतो. तोंड सांभाळून वापर."

मी हसायचो.

त्या सकाळी बाविसाव्या पत्र्याशी पोचलो. भावजींनी पत्रा उचलला. खाली साप होता. बारीक, काळपट, अंगावर पांढरे आडवे पट्टे. त्यांच्या बाजूला शेपटीकडचा भाग होता, तोही चिखलाने माखलेला. डोकं माझ्या बाजूला होतं.

आता हे नीट समजून घ्या. कवड्या नावाचा साप बिनविषारी. मण्यार अत्यंत विषारी. दोघंही काळे, दोघांनाही पांढरे पट्टे. पण कवड्याचे पट्टे मानेपासूनच सुरू होतात. मण्यारची मान कोरी काळी असते, पट्टे वीतभर मागून सुरू होतात. म्हणजे फरक माझ्या बाजूला होता. मी नुसती मान खाली घातली असती तरी पुरे होतं.

पण त्याच वेळी माझा फोन वाजला होता. ताईचा मेसेज. "दोघं जेवायला आहात ना?"

मी उत्तर टाइप करत होतो.

"बघितलंस?" भावजींनी विचारलं.

"हो. कवड्या."

आठवडाभरात सहा कवडे सापडले होते. सवयीने तोंडातून गेलं.

त्यांनी हात घातला...

"आई गं! चावला गुलाम!"

त्यांनी हात झटकला. साप निसटला आणि माझ्याच बाजूने गवतात शिरला. तेव्हा कुठे मी त्याच्याकडे बघितलं.

मान कोरी काळी होती.

मी तोंड उघडलं. आणि समोर भावजी हसत होते. बोटावर दोन बारीक ठिपके. रक्त नाही, सूज नाही. मण्यार चावली तर दुखत नाही, हे मला त्यांनीच शिकवलं होतं.

"लिही," ते म्हणाले. "पत्रा बावीस. कवड्या. हाताळताना चावा. सात सतरा."

मी लिहिलं. माझ्या हाताने, स्वच्छ अक्षरात.

का नाही बोललो? स्वतःला लाख वेळा विचारलंय. बोललो असतो तर कबूल करावं लागलं असतं की मी बघितलंच नव्हतं. ताईला काय सांगायचं, हा विचार आधी आला. कदाचित विष सोडलंच नसेल, असंही वाटलं. पाच मिनिटं थांबू म्हटलं. मग आणखी पाच.

असा पाऊण तास गेला.

तिसाव्या पत्र्याशी भावजी थांबले. "अरे, डोळे जड झालेत बघ. झोप झाली नाही वाटतं."

त्यांच्या पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या. उघडत नव्हत्या.

मग मात्र मी त्यांना गाडीत घातलं. दवाखाना तासाभराच्या अंतरावर होता. वाटेत त्यांची जीभ जड झाली. ते काहीतरी विचारत होते. मला कळत होतं, पण कळत नाही असं दाखवून मी गाडी हाकत राहिलो. दवाखान्याची पाटी दिसली तेव्हा त्यांचा श्वास बंद झाला होता.

डॉक्टरांनी विचारलं, "चावल्यावर लगेच का नाही आणलं?"

मी म्हणालो, "त्यांनाच वाटलं बिनविषारी आहे म्हणून."

तेच सगळीकडे पसरलं. एवढा जाणकार माणूस आणि एवढी ढोबळ चूक! लोक ताईच्या तोंडावर हळहळायचे आणि पाठ फिरली की म्हणायचे, अतिशहाणपणा नडला. तिच्या कानावर ते जायचं. मी शेजारीच बसलेलो असायचो. तोंडाला कुलूप लावून.

बारा दिवसांनी मी कामावर परत गेलो. दुसरा माणूस मिळेपर्यंत एकट्याने लांब काठीने पत्रे उलटायचे, फक्त बघून लिहायचं, असं वरून सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी पाचव्या पत्र्याशी असताना पुढून आवाज आला...

ठण्ण.

पत्रा जमिनीवर परत ठेवताना येतो तसा. मी वर बघितलं. माळ रिकामा.

थोड्या वेळाने पुन्हा. ठण्ण. आणखी पुढून. माझ्या पुढे कुणीतरी एकेक पत्रा उचलून ठेवत चाललं होतं, घाई न करता, रोजच्या गतीने. एकविसाव्या पत्र्यापर्यंत आवाज मोजले मी. मग थांबले.

वारा असेल, म्हटलं. वारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी पत्र्यांवर दव होतं. आणि प्रत्येक पत्र्याच्या कडेला, उचलायला बोटं घालतो त्या जागी, दव पुसलेलं होतं. चार बोटं. पहिल्यापासून एकविसाव्यापर्यंत.

बाविसाव्यावर दव जसंच्या तसं होतं. मी तिथे थांबलो नाही.

तिसऱ्या दिवशी ठरवलं, आज बघायचंच. बाविसाव्यापाशी माझ्या रोजच्या जागी उभा राहिलो. काठी पुढे केली.

काठी टेकायच्या आधीच पत्रा समोरच्या बाजूने वर उचलला गेला.

हळूच. अर्धा. आणि तसाच धरून ठेवला...

पत्र्याखाली काहीही नव्हतं. नुसती ओली माती. पण पलीकडे दोन बुटांचे ठसे होते. माझ्याकडे तोंड करून. तिथे येणारी पावलं नाहीत, तिथून जाणारी नाहीत. फक्त ते दोन. आणि माझ्या डोळ्यांदेखत ते जरासे खोल झाले, माणूस वाकून वजन पुढे टाकतो तसे.

"बघितलंस?"

आवाज त्यांचाच होता. पण गाडीतला. जीभ जड झालेला.

मी काय म्हणालो असेन? एवढं होऊनसुद्धा माझ्या तोंडून निघालं, "हो."

पत्रा धाडकन खाली पडला.

मी पळत सुटलो. नोकरी तिथेच सोडली. दोन दिवस अंगात ताप होता. त्या तापातच ठरवलं, ताईला सगळं सांगून टाकायचं. तिने तोंड बघितलं नाही तरी चालेल. निदान भावजींच्या नावाला लागलेला बट्टा तरी जाईल.

दुपारी तिच्या घरी गेलो. तिने चहा ठेवला. ती बरीच वाळली होती, पण आश्चर्य म्हणजे शांत होती. मी घरून वाक्य जुळवून आणलं होतं. तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "तुला वेड्यासारखं वाटेल. पण ते येतात रे."

माझ्या हातातला कप थांबला.

"कोण?"

"कोण काय? हे. रोज सकाळी. मी ओट्याशी असते, ते दारात उभे असतात. बूट घालूनच. मी एरवी ओरडले असते." ती किंचित हसली. "आत येत नाहीत. डोळे अर्धे मिटलेले असतात. मला भीती नाही वाटत."

"काही... बोलतात?"

"एकच विचारतात. 'त्याने सांगितलं का?' मी म्हणते, अजून नाही. मग जातात."

मी कप खाली ठेवला.

ताईने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. लहानपणी मी काही फोडून लपवलं की बघायची, तसं.

"काय सांगायचंय रे तुला?"

जुळवलेलं सगळं ओठांवर आलं होतं. एक शब्द सुटला असता तर बाकीचं आपोआप आलं असतं. तिने वाट बघितली. बराच वेळ. मी चहाकडे बघत राहिलो.

"काही नाही, ताई."

तिने मान हलवली. माझा अर्धा भरलेला कप उचलला. मग माझ्या पाठीमागे असलेल्या दाराकडे बघून, घरात बोलतात तशा साध्या आवाजात म्हणाली,

"ऐकलंत ना? अजून नाही."