भांड्याचे वजन

पहिली थप्पड बसली तेव्हा हवालदार भास्कर उईके खुर्चीतून अर्धा उठला. दुसरीला त्याने हात वर करायचा प्रयत्न केला, पण हात उचललाच गेला नाही. आखाड्यात कमावलेला तो जाडजूड हात या क्षणी एका किरकोळ अंगाच्या बाईचा झाला होता. मग कुणीतरी केस मुठीत धरले. मान मागे खेचली गेली, तशीच पुढे आली आणि कपाळ ओट्याच्या कडेवर आदळले. डोळ्यांपुढे सगळे पांढरे झाले. जिभेला रक्ताची चव आली. पोटात लाथ बसली तसा श्वास अडकला आणि उईके गुरासारखा ओरडला, "बस! बंद करा!"

मृण्मयी देशकरने कळ फिरवली. उईकेच्या डोक्यावरचे शिरोवेष्टन काढून तिने त्याच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"मागच्या खेपेला तुम्ही मला शिवी घातली होती," ती हसत म्हणाली. "आज नुसतेच ओरडलात. सुधारणा आहे."

"बाप्पा रे!" उईके कपाळ चाचपून पाहत होता. तिथे साधा ओरखडाही नव्हता. "मॅडम, दंगलीत दगड खाल्ले मी. पण हे..."

"आणि हा फक्त दहावा हिस्सा," समोर बसलेल्या डॉ. वत्सला बोरकुटे म्हणाल्या. "पुरता दिला असता तर तुम्ही उद्या उठला नसता."

नागपूरच्या 'सोबत' केंद्रात पोलीस, परिचारिका आणि स्वयंसेवक अशा सगळ्यांना घरात मार खाणाऱ्या बायकांना आधार कसा द्यायचा ते शिकवले जाई. व्याख्याने होतीच, पण खरे शिक्षण या खुर्चीत होई. अशा घरातून सुटून आलेल्या काही बायकांनी आपल्या शरीराची आठवण केंद्राला स्वखुशीने दिली होती. त्यांच्या मज्जातंतूंतले संदेश टिपून अनुभवफिती तयार केल्या होत्या. फीत लावली की त्या बाईचे अंग काही मिनिटांपुरते आपले होते. वत्सलाबाई मेंदूविज्ञानाच्या, ही कल्पना त्यांची. यंत्र मृण्मयीने बांधले होते. खुर्चीतून उठणाऱ्या प्रत्येकाला वत्सलाबाई एक वाक्य पाठ करायला लावत. मार खाऊन आलेल्या बाईला पहिले वाक्य तेच म्हणायचे: "मी इथंच आहे. घाई नाही." का सहन केलं, असे विचारायचे नाही. आधी का नाही आलात, असेही नाही.

उईके ही फीत दुसऱ्यांदा घेत होता, आणि त्याला कारण होते. गेल्या महिन्यात त्याच्या चौकीत निर्मला नावाची एक बाई आली होती. शिकल्याप्रमाणे त्याने तिला पाणी दिले, ते वाक्य म्हटले. बाई बोलू लागली होती. तेवढ्यात बाहेर एक दुचाकी उभी राहिली. बाई मध्येच थांबली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काही नाही साहेब, येते मी." अंगावर जखम दिसत नव्हती. उईकेने तिला जाऊ दिले. त्याच संध्याकाळी नवऱ्याने तव्याने तिचे डोके फोडले. पंचनामा करायला उईकेच गेला होता. ओट्याखाली सांडलेले पीठ रक्ताने मळले गेले होते.

"मॅडम, एक विचारू?" उईके पेला फिरवत म्हणाला. "या फितीत मारायच्या आधी गाडी येते. विजेची गाडी, आवाज नाही, नुसता स्टँड खट्टकन पडते. मग फाटक, मग पावलं, मग किल्ली. तवापर्यंत मले काहीच होत नाही. निवांत बसून असतो. मार एकदम अंगावर येते. निर्मलाबाईचं तसं नव्हतं. ती स्टँडलाच मेली होती. मले तवा कळलं नाही. या खुर्चीत तसं काही शिकलोच नव्हतो ना मी."

ही फीत देणारी कमल गजभिये वत्सलाबाईंना आठवली. तिने याच खोलीत सांगितले होते, "मार मागून येतो बाई. आधी स्टँड येतो." मग तिच्या फितीतून स्टँडची भीती गेली कुठे?

"फीत बनवताना आम्ही काय करतो, ते सांगते," त्या उईकेला म्हणाल्या. शिकवायला लागल्या की त्यांचा आवाज आपोआप मऊ होई. दर रविवारी गल्लीतली पोरे जमवून विज्ञान शिकवायची त्यांची सवय होती. "तुम्ही दूध मोजता कसं? भांड्यासकट काट्यावर ठेवता आणि रिकाम्या भांड्याचं वजन वजा करता. हो ना? तसंच हे. भांडं पडलं की कुणीही दचकतं. दार वाजलं की कुणाचंही लक्ष जातं. ते कमलचं दुःख नव्हे, ते नुसतं भांडं. म्हणून एका सुखी घरातल्या माणसाला या खुर्चीत बसवून घरातले सगळे आवाज ऐकवले. स्टँड, फाटकाची कडी, जिन्यावरची पावलं, किल्ली, पडलेलं पातेलं, खुंटीवरून काढलेल्या पट्ट्याचं बक्कल. त्या माणसाच्या अंगात जे जे झालं तो आमचा शून्यपट. तो सगळ्या फितींमधून वजा होतो. उरतं ते दूध."

"आणि पट्टा कशाला?"

"पुष्कळ घरांत तोच वापरतात. आमचे अप्पासुद्धा शिस्तीचे. पट्टा दारामागं खुंटीला असायचा. त्यामुळंच तर सरळ झालो आम्ही भावंडं!" त्या हसल्या.

"आणि ते रिकामं भांडं कोण?"

"मी," मृण्मयीने मागून हात वर केला. "केंद्रातली सगळ्यात सुखी बाई. सारंगला विचारा."

तिच्या नवऱ्याला, सारंगला, विचारायची गरजच नव्हती. तो रोज संध्याकाळी तिला न्यायला येई. येताना सगळ्यांसाठी गरम कचोऱ्या आणी, चौकीदाराच्या मुलीचा अभ्यास विचारी. असा नवरा मिळायला नशीब लागते, असे वत्सलाबाईच कितीदा म्हणाल्या होत्या.

"मृण्मयी, वजाबाकी न करता कच्ची फीत लाव. मला."

मृण्मयीचे हसू जरासे ओसरले. "फार गढूळ असते ती, मॅडम. काही कळणार नाही तुम्हाला."

"लाव तर खरी, बाळा."

वत्सलाबाई खुर्चीत बसल्या. आता त्या एका खोलीत कणीक मळत होत्या. बाहेर खट्टकन स्टँड पडला.

त्यांचे पोट पाठीला जाऊन टेकले. कणकेतली बोटे थिजली. तोंडाला कोरड पडली आणि कान एवढे मोठे झाले की फाटकाची कडी जणू कवटीतच वाजली. पावलांवरून अंग हिशेब करू लागले: आज भरभर आहेत, म्हणजे आज तोंडावर. हळू असती तर पाठीवर. किल्ली फिरली तेव्हा मांड्यांतून गरम ओघळ गेला. मग पहिली थप्पड बसली, आणि वत्सलाबाईंना जे वाटले त्याची त्यांनाच लाज वाटली. त्यांना सुटल्यासारखे वाटले. आता वाट तरी पाहायची नव्हती.

शिरोवेष्टन त्यांनी स्वतःच ओरबाडून काढले. श्वास जागेवर यायला वेळ लागला. भीती कच्च्या फितीत होती, अगदी काठोकाठ. वजाबाकी झाली की नाहीशी होत होती. आणि वजाबाकीत एखादी गोष्ट पूर्ण नाहीशी व्हायची असेल तर...

त्यांनी मान वळवून मृण्मयीकडे पाहिले.

भांडे रिकामे नव्हते. ते कमलच्या इतकेच भरलेले होते.

मृण्मयी यंत्राच्या पडद्याकडे पाहत होती. त्यावर आत्ता उमटलेली अंगाची रेघ तिने आजवर एकाच माणसाची पाहिली होती: तिची स्वतःची. वत्सलाबाई उठल्या, स्टूल ओढून तिच्याजवळ बसल्या. ओठांवर 'आधी का नाही सांगितलंस' आले होते. ते त्यांनी गिळले.

"मी इथंच आहे," त्या म्हणाल्या. "घाई नाही."

मृण्मयीने मनगटावरची रुंद बांगडी उगाच वर-खाली केली. बांगडीखाली बोटांचे निळे वळ होते.

"मला वाटलं, सगळ्यांचंच होतं तसं," ती म्हणाली. "स्टँड पडला की पोट आत जाणं. त्याला काय भीती म्हणायचं? संध्याकाळ झाली की होतंच ते. म्हणून तर बसले मी त्या खुर्चीत. मला खरंच वाटलं मॅडम, की मी रिकामी आहे."

खट्ट.

बाहेर स्टँड पडला होता. वत्सलाबाईंच्या अंगात फितीचा अंमल अजून होता. त्यांचे पोट आत गेले. समोर मृण्मयीचेही गेले. दाराशी उभ्या उईकेने दोघींकडे पाहिले, आणि आता त्याला कळले.

सारंग आत आला. एका हातात गाडीवरचे शिरस्त्राण, दुसऱ्यात कचोऱ्यांचा पुडा. "काय मंडळी! उशिरापर्यंत चाललंय आज? मनू, आटप बरं."

"मृण्मयी आज माझ्याकडे राहील," वत्सलाबाई म्हणाल्या.

"का बरं?" तो हसतच होता. "मनू, काय सांगितलंस तू यांना?"

मृण्मयीने पदर सारखा केला. "काही नाही," ती उठत म्हणाली. "येते मी, मॅडम."

"बसा ताई," उईके म्हणाला. "या खेपेला नाही जाऊ देणार."

मग सगळे फार झटकन झाले. सारंगने मृण्मयीची वेणी मुठीत धरून हिसडा दिला. ती टेबलाच्या कोपऱ्यावर तोंडघशी पडली. वत्सलाबाई मध्ये आल्या तसे शिरस्त्राण त्यांच्या जबड्यावर बसले. दात तुटल्याचा आवाज त्यांनी आतून ऐकला. सारंगने पुन्हा हात उगारला तो उईकेने वरच्या वर धरला आणि असा पिळला, की खांदा निखळल्याचे खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आले. त्याला फरशीवर दाबून उईके त्याच्या पाठीवर गुडघा देऊन बसला. खाली कचोऱ्यांचा चुरा आणि रक्त एक झाले होते.

"ही माझी बायको आहे!" सारंग फरशीवर तोंड घासत किंचाळत होता.

"साक्षीदार समोर आहेत ना," उईके धापा टाकत म्हणाला. "बोल, अजून बोल."

सारंग तुरुंगात गेला. मृण्मयीच्या भुवईवरची जखम भरली, पण व्रण राहिला. जुन्या सगळ्या फिती बाद झाल्या. कच्च्या फिती तेवढ्या शिल्लक होत्या. नवा शून्यपट हवा होता.

"मीच बसते," वत्सलाबाई म्हणाल्या. नव्या दातांमुळे त्यांचा 'स' अजून घसरत होता. "कमलची फीत अंगातून केव्हाच उतरली. मी विधवा, एकटी राहते. आमचे हे तर देवमाणूस होते, आवाज चढवून बोलले नाहीत कधी. माझ्याइतकं रिकामं भांडं तुला मिळायचं नाही."

"बघू या," मृण्मयी म्हणाली आणि तिने शिरोवेष्टन त्यांच्या डोक्यावर नीट बसवले.

एकेक आवाज सुरू झाला. स्टँड. पडद्यावर रेघ सरळ. फाटकाची कडी, पावले, किल्ली. सरळ. पातेले पडले तेव्हा रेघ इवलीशी वर गेली आणि खाली आली; कुणाचीही येईल तशी. वत्सलाबाई डोळे मिटून निवांत बसल्या होत्या. रविवारी पोरांना कोणता प्रयोग दाखवावा, याचा विचार करत होत्या.

मग खुंटीवरून पट्टा निघाला. बक्कल किणकिणले.

रेघ पडद्याच्या वरच्या कडेला जाऊन भिडली आणि तिथेच राहिली.

वत्सलाबाईंनी डोळे उघडले. त्यांचे दोन्ही हात पुढे आले होते, तळवे वर, बोटे ताठ, लहान मुलीने पुढे करावेत तसे. ते आपण केव्हा पुढे केले हे त्यांना माहीत नव्हते.

"काहीतरी बिघडलंय यंत्रात," त्या म्हणाल्या. "अप्पांचा पट्टा म्हणजे... तेव्हा सगळ्यांच्याच घरी..."



मृण्मयीने आवाज बंद केला. पडदा मालवला. मग तिने स्टूल ओढले आणि ती त्या पसरलेल्या हातांसमोर जाऊन बसली.

"मी इथंच आहे," ती म्हणाली. "घाई नाही."