वखारीत बाजूला ठेवलेला ओंडका

यश, तो मोबाईल पालथा ठेव. रुचा, तू मध्ये बस. मग रात्री माझ्या पांघरुणात शिरायचं नाही, आधीच सांगते. हे ऐकीव नाही. इथंच अण्णा नगरात, आमच्या शेजारच्या घरात घडलंय, आणि शेवटी मी त्या खोलीत होते.

पावसानं मद्रास बुडवलं ते दोन हजार पाच साल. मार्गशीर्ष लागून दोन दिवस झालेले, शनिवार. शेजारचे पुरुषोत्तमभावजी, रेल्वेतून निवृत्त झालेले, सकाळी लाकडं आणायला निघाले. त्यांच्या कीर्तीला बाळंत होऊन बारा दिवस झाले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, शेक-बिक काही नको. पण आमची कुमुदिनी, भावजींची बायको, ऐकते होय! "बाजेखाली निखाऱ्यांचा शेक नाही तर मग लेकीला माहेरी आणलं कशाला?"

शेकाला कुठलंही लाकूड चालत नाही. सुरूचं भसाभस जळतं, निखारा धरत नाही. आंब्याचं डोळे जाळतं. बाभूळ हवी नाहीतर चिंच, तीही वर्षभर वाळलेली. दोन फोडी एकमेकींवर आपटायच्या. टणटण वाजल्या तर कोरड्या, थपथप वाजल्या तर ओल्या. हे सगळं भावजींना पाठ.

वखार नारायणस्वामीची. त्या आठवड्यात त्याची अख्खी वखार थपथप वाजत होती. फक्त मागच्या भिंतीशी, पोत्याखाली, चिंचेचा एक ओंडका. कोरडा ठणठणीत.

"अय्या, अदु वेण्डाम," नारायणस्वामी म्हणाला. ते नको.

"का नको?"

त्यानं ओंडक्यावर पोतं पुन्हा ओढलं.

झालं, भावजींचा संशय पक्का. घरी येऊन म्हणतात, "चांगला माल हॉटेलवाल्यांसाठी दडवतो लेकाचा! तीस वर्षं या गावात काढली मी. उचलला आणि ऑटोत टाकला."

"काय घेतलं त्यानं?" कुमुदिनीनं विचारलं.

"काही नाही. पैसे पुढे केले तर हात मागं घेतला."

तिला तिथंच शंका यायला हवी होती. ती म्हणाली, "बरं झालं."

ओंडका फोडताना कुऱ्हाड खिळ्यावर आपटली. बोटभर लांब, गंजलेला, त्याला काथ्यासारखं काही गुंडाळलेलं. भावजींनी पकडीनं उपटला आणि अंगणात साचलेल्या पाण्यात भिरकावला.

तो काथ्या नव्हता. इकडे बाईला झपाटलं की पुजारी तिच्या केसांची बट चिंचेच्या झाडाला खिळ्यानं ठोकतो, बट कापतो आणि बाईला मोकळी करतो. जे असेल ते झाडात राहतं. असलं झाड वादळात पडलं तरी कुणी चुलीत घालत नाही. आपण मराठी माणसं लाकूड वाजवून घेतो, खिळा बघत नाही. भावजींना कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यानं सांगायचा प्रयत्न केला त्याला त्यांनी चोर ठरवलं.

संध्याकाळी साडेसातला वीज गेली. बाजेखाली शेगडी ठेवलेली. निखारे रसरसत होते, फक्त खिळा निघालेली चिंचेची एक फोड काळी. पेटेना. बाळ सारखं रडत होतं, ते मध्येच गप्प झालं.

"आई, केस नको ना ओढू."

"मी कुठं ओढतेय? मी दाराशी आहे."

"मग..."

कुमुदिनीनं कंदील वर केला. कीर्तीची वेणी बाजेच्या कडेवरून खाली गेली होती. लोंबत नव्हती. ताणलेली होती. सरळ, शेगडीकडे. बाजेखाली कोणी नाही.

मला हाक आली तशी मी धावले. भावजी शेगडी ओढत होते. ती हलत नव्हती. कीर्तीची मान कडेबाहेर आलेली, बाळ तिच्या हातून निसटत चाललेलं. मी बाळ उचललं. पोर थंडगार...

"चिंचेत काही होतं का?" मी विचारलं.

"खिळा..."

"कुठं आहे?"

भावजींनी अंगणाकडे पाहिलं. बाहेर गुडघाभर पाणी. काळोख.

"कुमुदिनी, वेणी काप."

"बारा दिवसांची बाळंतीण आहे ती, सवाष्ण आहे..."

"काप!"

केस करपल्याचा वास आला तेव्हा तिनं कात्री चालवली. वेणी पडली नाही. गेली. खाली, सरसर. ती काळी फोड एकदम भडकली, आणि सगळं विझलं.

माझ्या हातात बाळ रडलं. इतकं गोड रडणं मी आयुष्यात ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी राख लांब नेऊन टाकली. कीर्तीला ताप नाही, बाळ दूध पीत होतं. कुमुदिनी हसलीसुद्धा. सांजेला मी बाळाला तेल लावायला गेले. बाज शिसवीची, कुमुदिनीच्या सासूच्या वेळची, साठ वर्षांची तरी असेल. बाळाच्या उशाकडच्या खुराला काहीतरी हिरवं दिसलं. वाकून पाहिलं.

चिंचेची पालवी. कोवळी, लाकडातूनच फुटलेली.

अंधार पडला की चिंचेची पानं मिटतात, तुम्ही बघितलं असेल. मी दिवा जवळ नेला.

ती उघडी होती.