खंडेनवमीची पहिली गोळी

"ताई, वीस वर्षांत माझ्या वर्कशॉपमध्ये एक पाना चुकीच्या खुंटीला टांगला गेला नाही. आणि आता म्हणे मी रिव्हॉल्वर न धुताच ठेवून दिलं!"

जहीरभाई खुर्चीच्या अगदी कडेला बसले होते. समोरचा चहा गार होत चालला होता.

निगडी प्राधिकरणातल्या त्या फ्लॅटच्या बाहेरच्या खोलीत 'शुभदा मुजुमदार, खासगी तपास' अशी छोटीशी पाटी होती. शुभदाबाईंकडे येणारी बहुतेक कामं लग्नाळू मुलांच्या चौकशीची. त्यामुळे रिव्हॉल्वर हा शब्द ऐकताच त्यांचे यजमान गुरुदत्त पेपर टाकून वही घेऊन हजर झाले. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी स्वतःची नेमणूक सहायक म्हणून करून घेतली होती. पगार नव्हता आणि तक्रारही नव्हती.

"पहिल्यापासून सांगा," शुभदाबाई म्हणाल्या.

जहीरभाईंचं चिखलीत लेथचं वर्कशॉप. चाकणच्या पुढे डोंगराच्या कुशीत एक नेमबाजी क्लब आहे, तिथल्या जुन्या घडणीच्या हत्यारांची निगा तेच राखत. त्यातलं सर्वांत लाडकं म्हणजे ठासणीचं रिव्हॉल्वर. त्याला काडतूस नाही. चक्राच्या सहा घरांत मापानं काळी बारूद ओतायची, वर शिशाची गोळी ठासायची, तोंडाला चरबी-मेणाचा लेप लावायचा आणि मग बार काढायचा.

"आणि धुवायचं कसं?" शुभदाबाईंनी विचारलं.

"त्याच दिवशी, साबण आणि उकळत्या पाण्यानं. बारूद जळली की काजळी आत बसते, नळीत आणि सहाही घरांत. ती हवेतलं पाणी ओढते. न धुता ठेवलं तर दोन दिवसांत गंज. तोही आतून!"

"पण उकळतंच पाणी का?" गुरुदत्तांनी वहीतून डोकं वर काढलं.

"लोखंड तापलं की आपोआप खडखडीत सुकतं, साहेब. मग मेणाचा हात फिरवायचा. बास. चापाभोवती पितळी कडी आहे, तिला मात्र मी हात लावत नाही. ती काळवंडलेलीच शोभते."

रविवारी सराव झाला. जहीरभाईंनी रिव्हॉल्वर धुतलं, कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. आज, बुधवारी सकाळी, क्लबचा सेक्रेटरी अनिश याचा फोन आला. रिव्हॉल्वर गंजलंय. पाठोपाठ मोबाइलवर एक फोटो आला, नळीचा अगदी जवळून घेतलेला आणि तांबड्या ठिपक्यांचा.

"दुपारी चारला मीटिंग आहे. माझ्याकडून काम काढून घेणार." जहीरभाईंनी चहाचा कप बाजूला सारला. "कामाचं जाऊ द्या. उद्या खंडेनवमी. क्लबात हत्यारांची पूजा होते आणि वर्षाची पहिली गोळी मी उडवतो. बारा वर्षांचा मान आहे. माझ्या बायकोनं, कनीजनं, नवा सदरा इस्त्री करून ठेवलाय. सिद्रानं कॉलेजातून सुट्टी घेतलीय, अब्बांचा नेम बघायला पहिल्यांदाच येणार म्हणून. त्या दोघींना मी अजून काही सांगितलेलं नाही."

शुभदाबाईंनी पर्स उचलली. "अहो, गाडी काढा. चाकणच्या चौकात तासभर जाणार."

दीड तास गेला.

क्लब अर्जुनरावांच्या जमिनीवर होता. पुढे ऑफिस आणि गोळीबाराची पट्टी, मागे त्यांचं घर. ऑफिसच्या कोपऱ्यात देव्हारा होता आणि त्यापुढच्या समईवर ऊन पडून डोळे दिपत होते. शुभदाबाई तिच्याकडे क्षणभर बघत राहिल्या. देवभक्ती हा काही त्यांचा विशेष गुण नव्हे, म्हणून गुरुदत्तांना थोडं नवल वाटलं.

पहिला अनिश आला. वय तिशीचं, एका कंपनीत क्वालिटीत होता. अहवाल वाचून दाखवल्यासारखं बोलायची त्याला सवय होती.

"बघा मॅडम, बारूद वापरली, गंज आला, म्हणजे धुतलं नाही. सरळ आहे."

"तुम्ही काय काय तपासलंत?"

"घरातून चावी मागवली, कपाट उघडलं, गंज दिसला, फोटो काढला. अजून काय तपासायचं? उद्याच्या पूजेला शंभर माणसं येणार. त्यांच्यासमोर गंजलेलं हत्यार ठेवायचं का आम्ही?"

नंतर आली स्वप्नाली, मुलींना पिस्तूल शिकवणारी कोच. रोज थेरगावहून येऊन जाऊन करायची.

"रविवारी शेवटचे सहा बार मीच काढले. जहीरभाईंनी किटली लावलेली पाहिली, मग मी निघाले. पुढचं ठाऊक नाही." तिनं गोळीबाराच्या पट्टीकडे हात केला. "खरं सांगू? मला ते रिव्हॉल्वर आवडत नाही. एक बार काढला की पाच मिनिटं धूर. माझ्या पोरींना टार्गेट दिसत नाही. पण म्हणून मी त्याचं वाईट करीन, असं नाही हां."

"सोमवारी, मंगळवारी आला होतात?"

"नाही. दोन दिवस क्लब बंद होता."

गुरुदत्तांनी वहीत 'स्वप्नाली' लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या.

शेवटी अर्जुनराव. पांढऱ्या मिशा, खणखणीत आवाज आणि पाहुण्यांबद्दल अपार माया.

"कपाटाच्या चाव्या किती?"

"दोनच. येक जहीरभाईकडं, येक माझ्याकडं."

"रविवारनंतर तुम्ही ते उघडलंत?"

"न्हाई बा! हात सुदिक लावला न्हाई. देवाशपथ."

"आता उघडाल?"

अर्जुनरावांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे चाचपले आणि मग घराच्या दिशेनं हाक ठोकली, "अगं ए, चावी आण गं!"

रुक्मिणीबाई पदराला हात पुसत आल्या. कमरेचा जुडगा काढून त्यांनी कपाट उघडलं. "जेवूनच जायचं बरं का," असं बजावून त्या तशाच परत गेल्या.

जहीरभाई दाराबाहेरच उभे होते. आत यायला त्यांना अनिशनं मनाई केली होती.

लाकडी पेटीत रिव्हॉल्वर होतं. नळीच्या बाहेरच्या अंगावर तांबडे ठिपके होते. जिथं पितळ लोखंडाला भिडतं त्या फटीत तर गंजाची जाड रेघच उमटली होती.

"वा! कडी काय चमकतेय, सोन्यासारखी," गुरुदत्त म्हणाले.

शुभदाबाईंनी त्यांच्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं की ते उगाच लाजले.

जेवण साधंच होतं. भाकरी, भेंडी, भात आणि आमटी. रुक्मिणीबाईंचा नवरात्राचा उपास होता, पण वाढण्यात हात आखडता नव्हता.

"आमटी गोड मानून घ्या," त्या म्हणाल्या. "आज आमसुलं घातल्यात. चिंच संपली."

"छान झालीय," गुरुदत्त म्हणाले आणि त्यांनी तिसऱ्यांदा वाटी पुढे केली.

शुभदाबाईंनी घास खाली ठेवला. त्या हसत होत्या. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि त्या हसण्याचा अर्थ गुरुदत्तांना पाठ होता. कोडं सुटलेलं होतं. कोणतं आणि कसं, ते मात्र त्यांना दर वेळी शेवटीच कळायचं.

चार वाजता ऑफिसात सगळे जमले. अनिश, स्वप्नाली, अर्जुनराव आणि समितीचे आणखी दोघे. शुभदाबाईंनी जहीरभाईंना आत बोलावून आपल्या शेजारी बसवलं. रुक्मिणीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या, तेव्हा त्यांनाही थांबवून घेतलं.

"मला एक पांढरं फडकं द्या. आणि जहीरभाई, चक्र काढून नळी मोकळी करा."

जहीरभाईंनी रिव्हॉल्वर हातात घेतलं, पितळी कडीकडे पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. मग ते कामाला लागले. चक्र जरा अडून निघालं. शुभदाबाईंनी गजाला फडकं गुंडाळून नळीतून आरपार नेलं. मग चक्राच्या सहाही घरांतून फिरवलं आणि टेबलावर पसरलं.

फडक्यावर मेणाचा पिवळसर डाग होता. काळं काही नव्हतं, तांबडंही नव्हतं.

"अनिश, न धुतलेल्या बारुदीचा गंज कुठून सुरू होतो?"

"आतून," अनिश हळूच म्हणाला.

"आणि हा आहे फक्त बाहेर. आत बघितलं असतंत तर मला दीड तास चाकणच्या चौकात बसावं लागलं नसतं. जहीरभाईंनी रिव्हॉल्वर धुतलं होतं आणि उत्तम धुतलं होतं."

"मग गंज आला कुठून?" स्वप्नालीनं विचारलं.

"पितळेपासून. फटीत गंज सगळ्यांत जाड आहे, ठिपके तिथूनच पसरलेत. जहीरभाई ज्या कडीला कधी हात लावत नाहीत, ती आज लखलखतेय. हे आमच्या ह्यांनीच पहिल्यांदा पाहिलं." गुरुदत्त ताठ बसले. "आता आपल्या घरात पितळ कशानं उजळतात?"

समितीतल्या एकानं देव्हाऱ्यातल्या समईकडे पाहिलं. हळूहळू सगळ्यांनीच पाहिलं.

"चिंच आणि मीठ. पितळ झळकतं, पण तेच पाणी लोखंडाच्या फटीत उतरलं की गंज आलाच. समई आणि ही कडी एकाच दिवशी, एकाच हातानं उजळली गेलीय. क्लब दोन दिवस बंद होता. जहीरभाई तर कडीला हातच लावत नाहीत. राहिली दुसरी चावी. अर्जुनराव, ती तुमची हे खरं, पण तुमच्या खिशात ती कधीच नसते. आणि ज्या घरात आमटीला चिंच उरली नाही, त्या घरातली चिंच कुठं गेली, हे विचारायचं कोणाला सुचलं नाही. सगळे विचारत राहिले, धुतलं कोणी नाही? घासलं कोणी, हे कोणीच विचारलं नाही."

चहाचा ट्रे टेबलावर टेकला.

"म्याच घासलं," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "सोमवारी. समई घासली, तांब्या घासला. मनात आलं, खंडेनवमीला हे बी देवापुढं बसायचं अन् ते असं काळं? म्हणून दिला हात. चांगलं लख्ख करून, पुसून ठिवलं. मला काय ठावं?" त्यांचे डोळे भरले. "गंजलं माज्यामुळं अन् नाव गेलं जहीरभाऊंचं! मला कुणी इचारलंच न्हाई वो. मी तर रोज हितंच हाय."

जहीरभाई हसायला लागले. आधी गालातल्या गालात, मग अगदी मोकळेपणानं, डोळे पुसत.

"वहिनी, बारा वर्षं मी याला अंघोळ घालतोय. पण याला उटणं फक्त तुम्ही लावलंत!" त्यांनी ठिपक्यावर नख फिरवलं. "वरवरचा आहे. तेल आणि बारीक काथ्या द्या. अंधार पडायच्या आत साफ करतो."

अनिश उठला. अहवालाची भाषा त्याला सापडेना. "जहीरभाई, चुकलो. मी आत बघायला हवं होतं. आणि तुम्हाला आत येऊ द्यायला हवं होतं."

"उद्या पाणी तू उकळायचंस," जहीरभाई म्हणाले. "एवढी शिक्षा पुरे."

"अन् चावी?" अर्जुनराव खजील होऊन म्हणाले.

"चावी आता खरंच तुमच्या खिशात," शुभदाबाईंनी ठणकावलं. "हत्याराचं कपाट आहे ते, लोणच्याचं नव्हे."

दुसऱ्या दिवशी झेंडूच्या माळा लागल्या. आजूबाजूच्या कंपन्यांतही यंत्रांची पूजा चालली होती आणि वाऱ्यावर कुठूनतरी सनईची कॅसेट ऐकू येत होती. गुरुदत्तांनी निगडीहून अर्धा किलो चिंच आणली होती. "आमटीसाठी," असं त्यांनी पुडी देताना दोनदा बजावलं.

पूजा झाली. जहीरभाई इस्त्रीचा सदरा घालून उभे होते. त्यांच्या मागे कनीज आणि सिद्रा. पहिली गोळी कोणाची, हे दर वर्षी सेक्रेटरी पुकारतो. अनिशनं घसा खाकरला, पण त्याच्या आधीच बायकांच्या घोळक्यातून खणखणीत आवाज आला.

"पहिली गोळी जहीरभाऊंची!"

रुक्मिणीबाई होत्या. घरधन्यालाही इतक्या मोठ्यानं हाक मारताना त्यांना कोणी ऐकलं नव्हतं.

टाळ्या कडाडल्या. जहीरभाईंनी बारूद मापली, गोळी ठासली, लेप लावला आणि रिव्हॉल्वर उचललं. धडाड! पांढऱ्या धुराचा ढग उठला आणि स्वप्नालीच्या पोरींना पाच मिनिटं टार्गेट दिसेना. धूर विरला तेव्हा गोळी बरोब्बर मधोमध होती. सिद्रा उड्या मारत होती.

"अब्बा, आता पुढे काय करतात?" तिनं विचारलं.

"धुतात," जहीरभाई म्हणाले.

अनिश वाफाळतं पातेलं घेऊन आला. त्याच्या मागून रुक्मिणीबाई आल्या. त्यांच्या एका हातात साबणाची वडी होती आणि दुसरा हात त्यांनी सर्वांसमोर उघडून दाखवला. तो रिकामा होता.

"बघा," त्या म्हणाल्या, "चिंच न्हाई आणली."